कृष्णगिरी कुणाच्या ताब्यात? राष्ट्रीय उद्यान, कान्हेरी लेणी आणि दोन खात्यांची राखण

मुंबईतल्या कुणालाही विचारा, नॅशनल पार्कमध्ये काय आहे? उत्तर ठरलेले असते. वनराणीची झुकझुक गाडी, सिंह-वाघांची सफारी, बोटिंग, सकाळचा फेरफटका आणि 'वर त्या केव्हज'. शंभराहून अधिक लेणी, हजार वर्षे नांदलेला भिक्खू संघ, पश्चिम भारतातले एक मोठे बौद्ध विद्याकेंद्र, आणि त्याचा नंबर लागतो वनराणीच्या मागे. लोकांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्यासमोर जे जसे मांडले, तसे त्यांनी पाहिले.

संरक्षित उद्यानांची स्थिती कशी आहे, कारभार नीट चालला आहे का, हे तपासण्याच्या सरकारी पद्धती आहेत. केंद्राचे पर्यावरण मंत्रालय राष्ट्रीय उद्यानांच्या व्यवस्थापनाचे मूल्यमापन करते, गुण देते, क्रमवारी लावते. त्या चौकटीच्या मध्यभागी वन्यजीव असतो आणि ते रास्तच आहे. पण ज्या उद्यानाच्या पोटात दोन हजार वर्षांचा वारसा आहे, तिथे तो वारसा कोणत्या रकान्यात मोजायचा? बोरिवलीच्या या उद्यानात जंगल आणि लेणी हे दोन वेगळे विषय आहेत, असे धरूनच आजवर कारभार झाला. आमचे म्हणणे असे की हा एकच वारसा आहे, तो कागदावर दोन तुकड्यांत कापला गेला आणि दोन्ही तुकड्यांची त्यामुळे आबाळ झाली.

आधी नावाबद्दल बोलू. कान्हेरीच्या शिलालेखांत या डोंगराचे नाव 'कण्हसेल', 'कण्हगिरी' असे येते आणि नंतरच्या संस्कृत लेखांत 'कृष्णगिरी'. प्राकृत 'कण्ह' म्हणजे काळा. काळ्या बेसाल्ट खडकाचा डोंगर म्हणून काळा डोंगर, इतका सरळ अर्थ. यात गोकुळातला कान्हा कुठेही नाही, तरी नावावरून तशी समजूत करून घेणारे आजही भेटतात. स्वातंत्र्यापूर्वी या जंगलाचा छोटा भाग राखीव झाला तेव्हा त्याला कृष्णगिरी हेच नाव मिळाले होते. पुढे हद्द वाढत गेली. १९७४ मध्ये ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८१ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शिलालेखातून आलेले नाव आता फाटकाजवळच्या पर्यटन विभागापुरते, 'कृष्णगिरी उपवन' म्हणून उरले आहे.

नाव बदलल्याने काय बिघडते, असे काही मित्र विचारतात. समाजशास्त्र शिकताना सामूहिक स्मृतीवर बरेच वाचावे लागते. त्यातली एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: समाज एखादी गोष्ट आपोआप विसरत नाही, तिला धरून ठेवणारी जागा, नाव, उत्सव, शाळेतला धडा यांपैकी एकेक आधार काढला की ती गळून पडते. बौद्ध लेण्यांच्या बाबतीत हे महाराष्ट्रभर घडले आहे. नाशिकच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. अंधेरीतल्या कोंडिवटे लेण्यांना महाकाली लेणी म्हणतात, रस्ताही त्याच नावाचा. जुन्नरच्या लेण्याद्रीला लोक गणपतीसाठी जातात. कार्ल्याचा चैत्य पाहायला निघालेल्या माणसाला वाटेत एकवीरेची गर्दी भेटते. देवीच्या भक्तांशी आमचे भांडण नाही, त्यात आमचेच आगरी-कोळी बांधव आहेत. प्रश्न एवढाच की फलकावर बुद्धाचे नाव किती मोठ्या अक्षरात आहे.

आता लेण्यांकडे येऊ, कारण कारभाराचा विषय तिथेच सुरू होतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत कान्हेरीत वस्ती होती. क्रमांक तीनचा भव्य चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला. त्याच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत, त्या नंतर कोरलेल्या. क्रमांक ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. क्रमांक ११ च्या लेण्यात दगडी बाकांच्या लांब रांगा आहेत, जिथे संघ एकत्र बसत असे. डोंगराच्या एका कडेला निर्वाणवीथी आहे, तिथे दिवंगत थेरांच्या स्मरणार्थ विटांचे छोटे स्तूप रचले होते. त्या थेरांचे स्मृतिलेख डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी वाचून प्रसिद्ध केले. १९९१ मध्ये आलेला त्यांचा कान्हेरीच्या शिलालेखांवरचा ग्रंथ या विषयात उतरणाऱ्या प्रत्येकाने पाहावा असा आहे.

हे कुणी उभे केले? राजे होते, पण त्यांच्यापेक्षा जास्त होते व्यापारी, कारागीर, गृहिणी, भिक्खू आणि भिक्खुणी. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिली. सातवाहन राणीच्या, म्हणजे क्षत्रप राजकन्येच्या, सतेरक नावाच्या अमात्याने दिले तेही पाण्याचे टाकेच. राणीचा अमात्य आणि गावचा सोनार एकाच प्रकारचे दान देतात आणि दोघांची नोंद त्याच खडकावर होते. ज्या समाजरचनेने पुढे पाणवठ्यावर जात बसवली, महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये आपल्या माणसांना पाण्यासाठी सत्याग्रह करायला लावला, तिच्या शेजारी ठेवून हा शिलालेख वाचा.

चैत्याच्या लेखात आणखी एक गोष्ट आहे. दान देणाऱ्या व्यापारी भावांबरोबर त्यात कामावर देखरेख करणारा 'नवकम्मिक' भिक्खू येतो, तसेच 'सेलवढकी' म्हणजे दगड घडवणारे पाथरवट आणि 'मिठिक' म्हणजे दगडाला झिलई देणारे कारागीरही येतात. काम कुणाच्या देखरेखीखाली झाले आणि कुणाच्या हातांनी झाले, दोन्ही नोंदलेले. आज एखाद्या सरकारी कामाच्या कोनशिलेवर गवंड्याचा उल्लेख पाहिला आहे का कुणी?

या लेखाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे ती देखभालीची व्यवस्था. कान्हेरीच्या लेखांत 'अक्षयनीवी' हा शब्द येतो. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कायम ठेवून त्याच्या उत्पन्नावर चालणारा निधी. एका लेखात मंगलठाण गावातले शेत विहाराला दिल्याची नोंद आहे, त्या उत्पन्नातून वर्षावासातल्या भिक्खूंना चीवर मिळायचे. अभ्यासक ते गाव म्हणजे आजचे मागाठाणे मानतात. मेट्रोचे स्टेशन आहे ना त्या नावाचे, तेच. त्या मागाठाण्यातही बौद्ध लेणी आहेत आणि ती वस्तीच्या दाटीत अशी दडपली आहेत की शोधत गेल्याशिवाय सापडत नाहीत.

नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष आणि त्याचे कोकणातले शिलाहार मांडलिक पुल्लशक्ती व कपर्दी यांच्या काळातले लेख तर आजच्या अंदाजपत्रकासारखे वाचता येतात. द्रम्म या नाण्यांत दान दिले आहे आणि त्याचे वाटपही लिहून ठेवले आहे: इतके पूजेसाठी, इतके विहाराच्या मोडतोडीच्या डागडुजीसाठी, इतके चीवरांसाठी, इतके पुस्तकांसाठी. डागडुजीचा खर्च दानाच्या कागदातच धरलेला. इमारत उभी करून फीत कापायची आणि दुरुस्तीचे पुढचे पुढे बघू, ही पद्धत त्या लोकांना ठाऊक नव्हती.

पाण्याची व्यवस्था पाहिली की हा विचार किती खोल होता ते कळते. लेण्यांच्या माथ्यावर खडकात पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचे पाणी त्यांतून वाहत टाक्यांत उतरते. बहुतेक लेण्यांच्या अंगणालगत टाके आहे, तोंड लहान आणि पोट मोठे, म्हणजे ऊन कमी लागते, पाणी उडून जात नाही. दोन टेकड्यांमधल्या ओढ्यावर बंधाऱ्याचे अवशेष आहेत. चार महिने कोसळणारा आणि आठ महिने गायब होणारा कोकणातला पाऊस वर्षभर पुरवण्याची ही सोय. काही वर्षांपूर्वी अभ्यासकांनी याच उद्यानात आणखी सात लेणी नोंदवली. त्यांना पाण्याची टाकी नाहीत, म्हणजे ती फक्त पावसाळी वर्षावासासाठी असावीत, असा अंदाज मांडला गेला. ज्यांना जंगल, पाऊस आणि दगड एकत्र वाचता येत होता त्यांनी हा डोंगर निवडला.

याच डोंगररांगेत इंग्रजांनी मुंबईसाठी विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पुरा केला. शहराला पाणी हवे म्हणून पाणलोट राखला गेला आणि पाणलोटामुळे जंगल टिकायला मदत झाली. म्हणजे भिक्खू संघाने जे ओळखले होते तेच हजार वर्षांनी नगरपालिकेने पुन्हा ओळखले. आणि आता हे वाचा. २०२२ च्या बुद्ध पौर्णिमेला तेव्हाचे केंद्रीय सांस्कृतिक मंत्री जी. किशन रेड्डी यांच्या हस्ते कान्हेरीत पर्यटक सुविधांचे उद्घाटन झाले. इंडियन ऑइल फाउंडेशनच्या पैशातून तिकीटघर, कर्मचारी निवास वगैरे सुधारले. लेणी जंगलाच्या गाभ्यात असल्यामुळे वीज आणि नळाचे पाणी नाही, म्हणून सौर ऊर्जा, जनरेटर आणि कूपनलिकेची पर्यायी सोय केली, असे तेव्हा सांगण्यात आले. सोय झाली हे चांगलेच. पण ज्या जागेने हजार वर्षे स्वतःचे पाणी स्वतः साठवले, तिथे पाण्यासाठी जमिनीत नळी घालावी लागते, हे त्या समारंभात कुणाला खटकले असेल का?

संघ विखुरल्यानंतर लेण्यांनी बरेच पाहिले. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत कोरलेल्या नोंदी क्रमांक ९० च्या लेण्यात आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी चैत्याचा उपयोग चर्च म्हणून केला. १८३९ मध्ये जेम्स बर्ड याने चैत्यासमोरचा स्तूप उघडला, त्यात त्रैकूटकांच्या २४५ व्या वर्षाचा, म्हणजे पाचव्या शतकाच्या अखेरचा ताम्रपट मिळाला. संशोधन म्हणायचे त्याला. पण पद्धत अशी की आधी फोडायचे, मग लिहायचे.

आजचा कारभार दोन कायद्यांखाली चालतो. उद्यान वन विभागाकडे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली. त्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन स्मारकाच्या १०० मीटर हद्दीत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरात नियंत्रण आले. एक खाते राज्याचे, दुसरे केंद्राचे. एक तिकीट खाली फाटकावर, दुसरे वर लेण्यांच्या दारात. झाडाचे मूळ खडकाच्या भेगेत शिरले, तर झाड एका खात्याचे आणि भेग दुसऱ्याची. टाक्यात गाळ साचला, तर टाके एकाचे आणि गाळ घेऊन येणारा उतार दुसऱ्याचा. पन्हळ बुजली, पाणी वाट बदलून लेण्याच्या छतातून झिरपू लागले, बेसाल्टचा पापुद्रा सुटू लागला, मूर्तीचा चेहरा झडला. हे सगळे एका दिवसात होत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

राज्यघटना उघडून पाहा. अनुच्छेद ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरवतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ४८(क) घातला, तो पर्यावरण, वने आणि वन्यजीव यांच्या रक्षणाचा. घटनेत हे दोघे शेजारी आहेत. कान्हेरीतही ते शेजारीच आहेत. मधे भिंत आहे ती मंत्रालयांची.

पुरातत्त्व खात्याची ताकद किती, हेही सरकारी कागदच सांगतात. २०१३ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी १६५५ स्मारकांची पाहणी केली, त्यातली ९२ जागेवर सापडलीच नाहीत. पुढे संसदीय समितीसमोर सांस्कृतिक मंत्रालयाने सांगितले की ३६९३ संरक्षित स्मारकांपैकी फक्त २४८ ठिकाणी सुरक्षा रक्षक आहेत. अशा खात्याकडून डोंगरभर पसरलेल्या शंभरावर लेण्यांची रोजची राखण किती होणार? चैत्य आणि आसपासच्या दोन-चार लेण्यांत माणसांची ये-जा असते. वरच्या टप्प्यांवर, जिथे चढून जाणारे थोडे, तिथे भिंतींवर नावे कोरणारे मोकळे असतात. पावसाळ्यात ओढा वाहू लागला की कान्हेरी हा भिजण्याचा 'स्पॉट' होतो. दोन प्रेमिकांची नावे आणि मधे बाण, हा आपल्या काळाचा शिलालेख! त्यात दानाची नोंद मात्र नसते.

सहल करणाऱ्यांना हाकलावे असे आम्ही म्हणत नाही. या शहरात गरिबाच्या पोराला फुकटात किंवा थोड्या पैशात हिरवे बघायला मिळते अशा जागा किती उरल्या? त्याला लेण्यापर्यंत येऊ द्यावे आणि तो आला की त्याला काय दिसते आहे ते सांगणारे कुणीतरी तिथे असावे. गुजरातेतून सिंहाची जोडी आणताना केवढी धावपळ झाली, २०२२ मध्ये वर्तमानपत्रांनी केवढी दखल घेतली. सिंह या जंगलाचा मूळ रहिवासी नाही, बिबट्या आहे. ज्याची मुळे इथे नाहीत त्याचे कौतुक आणि ज्याची आहेत त्याची आबाळ, हे प्राण्यांपुरतेच राहिले असते तर हसून सोडून दिले असते.

मूळ रहिवाशांचा विषय निघाला की आमच्या काही पर्यावरणवादी मित्रांची भाषा बदलते. या जंगलात वारली, मल्हार कोळी आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. वाघोबाला मानणाऱ्या या माणसांनी बिबट्याच्या शेजारी राहण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. कडेच्या वस्त्या वेगळ्या. तिथे दुष्काळाने, जातीच्या जाचाने गाव सोडून आलेली माणसे राहिली, त्यात बौद्ध, मातंग, भटके-विमुक्त, परप्रांतीय मजूर सगळे होते. १९९७ मध्ये एका पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असलेल्यांना पर्यायी घर आणि त्यासाठी आधी ७००० रुपये भरायचे, अशी अट होती. त्या काळात रोजावर जगणाऱ्या घराला ७००० म्हणजे काय, हे ज्यांनी वस्तीत काम केले आहे त्यांना सांगायला नको. हजारो झोपड्या पडल्या. बऱ्याच लोकांना लढून चांदिवलीच्या संघर्षनगरात घर मिळाले, बरेच कुठे पांगले ते कुणी मोजले नाही. त्याच उद्यानाच्या सीमेला लागून मनोरे उभे राहिले आणि 'पार्क व्ह्यू' म्हणून विकले गेले. जंगल बघण्याचा हक्क विकत मिळतो आणि जंगलात राहण्याचा हक्क पुराव्यावर अडतो.

जंगल तुटू नये, वस्ती आत वाढत जाऊ नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण २००६ चा वनहक्क कायदा आदिवासींना अतिक्रमक म्हणत नाही, दावेदार म्हणतो. दाव्यांचा निकाल आधी आणि स्थलांतराची भाषा नंतर, हा क्रम उलटता येणार नाही. आणि आता उद्यानाच्या पोटातून ठाणे–बोरिवली जुळा बोगदा जातो आहे, गोरेगाव–मुलुंड रस्त्याचाही बोगदा आहे. मोटारींना दरडोई किती जमीन लागते याचा पुरावा कुणी मागत नाही. डोंगर पोखरला जात असताना त्याच डोंगररांगेतल्या लेण्यांवर, भेगांवर, भूजलावर काय परिणाम होतो याची मोजमापे बोगद्याआधी, काम चालू असताना आणि नंतर लोकांसमोर ठेवली पाहिजेत. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या पाड्याला एक न्याय आणि बोगद्याला दुसरा, असे चालणार नाही.

बौद्ध समाज या कारभारात कुठे बसतो? अधिकृतपणे कुठेच नाही. आम्ही 'पर्यटक' या सदरात येतो. बुद्ध पौर्णिमेला मुंबई-ठाण्यातून पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे घालून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, त्रिशरण-पंचशील घेतात आणि परततात. मुख्य फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर अंतर आहे. आजी-आजोबांना ते चालवत नाही. तेव्हा भरवशाची, स्वस्त बस ही तिथे चैन नसून गरज आहे. धूप, मेणबत्ती लेण्यांत लावू नये हा पुरातत्त्व खात्याचा आग्रह आम्हाला पटतो. काजळीने दगड मरतो, तथागताच्या मूर्तीला काजळी फासून कसली वंदना? बाहेर मोकळ्या जागी शांत बसून वंदना करायला मात्र कोणतीही अडवणूक नसावी आणि तशी जागा दोन्ही खात्यांनी मिळून ठरवून द्यावी. जे तरुण धम्मलिपी शिकून रविवारी लेण्यांवर जातात, शिलालेख वाचून दाखवतात, कचरा गोळा करून खाली आणतात, त्यांना ओळखपत्र देऊन अधिकृत मार्गदर्शक म्हणून नेमायला काय अडचण आहे? पाड्यांतल्या मुला-मुलींनाही त्याच कामात घ्यावे. जंगलाची वाट त्यांना ठाऊक, लेखाची लिपी यांना. मानधन दोघांना, ते तिकिटाच्या पैशातून. अक्षयनीवी याहून वेगळी नव्हती.

घारापुरीच्या लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अजिंठा-वेरुळला १९८३ मध्ये. कान्हेरी त्या यादीत नाही. तो दर्जा मिळावा असे वाटणारे आपल्यात बरेच आहेत, अर्जविनंत्याही होत असतात. आमचे मत जरा वेगळे आहे. दर्जा मिळाला की पाट्या चकचकीत होतात, तिकीट वाढते, मंत्री येतात. टाक्यातला गाळ त्याने निघत नाही. आधी उद्यानाच्या व्यवस्थापन आराखड्यात लेण्यांचे, टाक्यांचे, पन्हळींचे आणि बंधाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण हवे, दोन्ही खात्यांच्या सह्यांचे. २०१६ मध्ये या उद्यानाभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. अशा अधिसूचनांच्या ठरावीक मसुद्यात मानवनिर्मित वारसास्थळे ओळखून त्यांच्या जतनाचा आराखडा करायची तरतूद असते. मागाठाणे, कोंडिवटे यांसारख्या कान्हेरीच्या शेजारणींचा विचारही त्याच वेळी करता येईल. तसेच २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकांसाठी वारसा उपविधी करायचे असतात आणि त्यांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी जाहीर होतात. ही दारे उघडी असतात तेव्हा आपण बहुधा तिथे नसतो, आणि मग मोर्चा काढतो.

नावाची मागणीही याच कागदावर लिहावी. उद्यानाला कृष्णगिरी हे नाव परत द्या म्हटले की राजकारण सुरू होईल, होऊ द्या. निदान फाटकावर, नकाशावर, तिकिटावर आणि फलकांवर 'कण्हसेल – कृष्णगिरी' हे शिलालेखातले नाव मराठीत आणि धम्मलिपीत लिहायला कोणत्याही विधेयकाची गरज नाही.

तूर्त आम्ही माहिती अधिकाराचा एक अर्ज तयार केला आहे. गेल्या पाच वर्षांत कान्हेरीतल्या किती टाक्यांचा गाळ काढला, माथ्यावरच्या पन्हळी कधी साफ केल्या, खडकातली झाडे काढायची परवानगी कोण कुणाकडे मागते, दोन्ही खात्यांची संयुक्त बैठक शेवटची कधी झाली आणि तिचे इतिवृत्त कुठे आहे, एवढेच प्रश्न. कायद्याच्या कलम ६(३) नुसार विषय दुसऱ्या खात्याचा असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करावा लागतो. म्हणून तोच अर्ज वन विभाग आणि पुरातत्त्व खाते, दोघांकडे एकाच दिवशी द्यायचा. कोण कुणाकडे वर्ग करते ते बघू. ज्यांना आपापल्या भागातून असा अर्ज करायचा आहे त्यांनी प्रश्न जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. त्याच्या आधी उत्तरे हातात आली, तर पहिल्या पावसाचे पाणी टाक्यांत उतरते की छतातून गळते हे वर जाऊन ताडून पाहता येईल.